बैठकीला कागद किती लागतो

भिंतीला चिकटवायचा कागद रोलवर मिळतो. बाजारात सर्रास दिसणारा रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब असतो, म्हणजे सुमारे ५७ चौरस फुटांचा. हा ५७ चा आकडा वेष्टनावर ठळक छापलेला असतो आणि बहुतेक घोटाळ्यांचे मूळ तोच आहे. भिंतींचे क्षेत्रफळ काढावे, त्याला ५७ ने भागावे, हे गणित सातवीतल्या मुलालाही येते. येते म्हणूनच ते त्याच्याकडून करून घेतात आणि कागद कमी पडला की दोषही त्यालाच देतात.

उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या डोणगावची एक बैठक घेऊ. जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावरच्या या गावात पुढची खोली सिमेंटची, मागचे घर मातीचे आणि डोक्यावर टिनपत्रे, असे घर काही नवलाचे नाही. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, क्षेत्रफळ ४४० चौरस फूट. ५७ ने भागले की पावणेआठच्या आसपास येतात. म्हणजे आठ रोल. हे उत्तर चूक आहे.

कागद चौरस फुटांनी लागत नाही, पट्ट्यांनी लागतो. ४४ फूट म्हणजे ५२८ इंच. त्याला २१ ने भागले की २५ पट्ट्या आणि वर थोडी फट. ती फट झाकायला आणखी एक पूर्ण पट्टी लागते, म्हणून २६. दहा फुटी भिंतीसाठी पट्टी कापताना वर-खाली छाटायला चार इंच जास्त धरावे लागतात. अशा पट्ट्या एका रोलमधून तीनच निघतात आणि उरलेला दोन फुटांचा तुकडा कोणत्याच भिंतीच्या कामाचा नसतो. २६ भागिले ३ केले की नऊ रोल होतात. आठ आणणाऱ्याचे काम दारामागच्या दोन पट्ट्यांवर येऊन अडते.

इथपर्यंतचा हिशेब साध्या, बिननक्षीच्या कागदाचा झाला. पण साधा कागद आणतो कोण? कागद लावायचाच तर मोठ्या फुलांचा, ही सर्वमान्य समजूत आहे. नक्षीच्या कागदात एकच फूल ठरावीक अंतराने पुन्हा येते आणि शेजारच्या पट्टीवरच्या फुलाशी ते जुळवून घ्यावे लागते. हे अंतर पंचवीस इंच असेल, तर प्रत्येक पट्टी पंचवीसच्या पटीत कापावी लागते. दहा फुटांच्या भिंतीला छाटणीसह १२४ इंच हवेत. पाच फुले म्हणजे १२५. जमले. पण टिनाला उतार असतो आणि पाखाडीच्या वरच्या अंगाची भिंत साडेदहा फूट भरते. आता हवेत १३० इंच. पाच फुले पुरत नाहीत, सहा घ्यावी लागतात, म्हणजे १५० इंच. आणि ३९६ इंचांच्या रोलमधून अशा दोनच पट्ट्या निघतात. २६ पट्ट्यांना १३ रोल. अर्ध्या फुटाने चार रोल वाढवले. म्हणून उंची एका जागी मोजून भागत नाही. चारही कोपऱ्यांत मोजावी आणि सर्वांत मोठी धरावी.

मोजण्याचे साधन स्टीलचा टेप. हे वेगळे सांगावे लागते, कारण घरातला कर्ता पुरुष टेप वापरत नाही. तो दारात उभा राहतो, डोळे बारीक करून भिंतीकडे पाहतो आणि निकाल देतो : ‘‘याले मोजाले काय लागते? सहा रोल बम झाले.’’ या आत्मविश्वासाला आधार नाही असे नाही. हाच माणूस बांधावर उभा राहून सोयाबीन एकरी किती पोती होईल ते सांगतो आणि खळ्यावर ते पोत्या-अर्ध्या पोत्याच्या फरकाने खरे ठरते. बैल पाहून त्याचे वय, ढग पाहून पेरणीचा दिवस आणि पाहुणा पाहून चहा किती ठेवायचा, हे तो नजरेने ठरवतो. भिंत मात्र त्याच्या ओळखीची नाही. पिकासारखी ती वर्षभर त्याच्याशी बोललेली नसते. सहा रोल येतात. मग दोन येतात. मग पुन्हा तीन. दर वेळी एस.टी.तून मेहकर, दर वेळी वेगळी छटा.

छटा वेगळी, कारण रोल एकाच वेळच्या छपाईचे नसतात. प्रत्येक रोलवर बॅच नंबर असतो. तो सगळ्या रोलवर एकच आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. घरी आणल्यावर पाहणे हा फक्त दुःखाचा विषय आहे.

खिडक्या-दारांची वजावट करावी का, यावर दोन मते आहेत. तीन-तीन फुटांची दोन दारे आणि चार फुटांची खिडकी सोडली तर दहा फूट, म्हणजे पाच पट्ट्या कमी होतात आणि तेराचे अकरा रोल होतात. हे खरे आहे. कारण साडेदहा फुटी पट्ट्या कापल्यावर प्रत्येक रोलचे आठ फूट उरतात आणि दारावरचा, खिडकीखालचा भाग त्या तुकड्यांतून निघतो. अट एवढीच, की कापणाऱ्याने आधी सगळ्या उभ्या पट्ट्या कापाव्यात. कापणारा घरचाच भाचा असेल तर वजावट करू नये.

कपाटामागे कागद लावू नये, तिथे कोण पाहतो, असे मानणारेही आहेत. कपाट दिवाळीच्या साफसफाईत हलतेच. कालनिर्णय, शेगावच्या गजानन महाराजांचा फोटो आणि हार घातलेल्या आजोबांची तसबीर यांच्यामागची जागाही वजा करण्याची सूचना एका घरात आली होती. ती आजीने एका शब्दात फेटाळली. तो शब्द येथे देण्यासारखा नाही.

रोलच्या कागदापूर्वीही भिंतींना कागद लागत होता. मातीच्या भिंतीची पोपडे धरलेली बाजू जुन्या वर्तमानपत्रांनी झाकत. त्याचा हिशेब सोपा होता. पेपरचे उघडलेले एक पान साधारण चार चौरस फुटांचे, म्हणजे याच खोलीला एकशेदहा पाने. कडा एकमेकांवर चढतात म्हणून एकशेतीस. वजनात ती दोन-सव्वादोन किलो रद्दी भरते. खळ मैद्याची, आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. फुले जुळवायची नसत, बातम्या जुळल्या नाहीत तरी चालत. उलटे लागलेले एखादे पान वाचायला मान वाकडी करावी लागे आणि पाहुणे ती करत. त्या काळी कर्त्याचा अंदाज कधीच चुकला नाही, कारण रद्दी कमी पडली तर शेजारी होती.

नव्या कागदाची भिंत मात्र आधी तयार लागते. डोणगावची जमीन काळी. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरच्या भिंती त्याबरोबर हलतात. एप्रिल-मेमध्ये दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. ती बुजवून, घासून, वाळवून मगच कागद लावावा. पावसाळ्यात तर लावूच नये. तरीही भेग पुढच्या मेमध्ये कागदासकट फाटू शकते. त्यासाठी एक रोल न उघडता माळ्यावर ठेवावा. म्हणजे वजावट केली असेल तर बारा, नसेल तर चौदा.

सुरुवात कोपऱ्यावरून नव्हे, ओळंब्यावरून करावी. कोपरा सरळ आहे असे वाटते. ओळंबा सोडला की घर बांधणाऱ्या गवंड्याचा सगळा स्वभाव कळतो. पहिली पट्टी दार ज्या भिंतीवर उघडते तिथे लावावी, म्हणजे खोलीला वळसा घालून आलेली शेवटची, न जुळलेली पट्टी तिथेच, उघड्या दाराआड पडते.

माळ्यावरचा रोल सहसा मे काढतो. जूनच्या अखेरीस शाळा उघडते आणि कर्ता तो स्वतः खाली काढतो. नातवाच्या वह्यांना कव्हर घालायची असतात. रोल थोडा उलगडून, डोळे बारीक करून तो सांगतो, ‘‘सा वह्या होतीन.’’ सहाच होतात. उरलेला कागद तो दाराआड धरून फुले जुळतात का ते पाहतो, मग गुंडाळून पुन्हा माळ्यावर ठेवतो.