मायक्रॉनकाका

गाडीवरची धूळ पुसू नये, असं मायक्रॉनकाका सांगतात तेव्हा ऐकणारा आधी त्यांच्याकडे बघतो आणि मग स्वतःच्या हातातल्या फडक्याकडे. गाडी पुसणं हे आपल्याकडे सकाळच्या चहाआधीचं कर्तव्य. पण काकांचं म्हणणं पक्कं असतं. धूळ म्हणजे बारीक वाळू. तिच्यावरून कोरडं फडकं फिरवलं की तुम्ही पुसत नसता, घासत असता. "सँडपेपर मारताय तुम्ही गाडीला, सँडपेपर!" हे ते इतक्या कळवळून म्हणतात की समोरच्याला आपण एखाद्या लेकराला बदडताना सापडलो असं वाटावं.

हा माणूस आता बहुतेक सोसायट्यांमध्ये असतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तो बी विंगमध्ये राहतो. वय साठीच्या आसपास, घराचं कर्ज फिटलेलं, मुलगा बंगळुरूला आणि गाडी काळी. काळीच का? पांढऱ्या गाडीवर बारीक ओरखडे दिसत नाहीत, आणि ओरखडे दिसले नाहीत तर रविवारी माणसाने करायचं काय?

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, असं सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरतात. म्हणजे ज्याच्या जिवावर गाडी चमकते तो थर केसाहूनही बारीक. हे सांगताना काका केस दाखवतात, आणि तो काकूंचा असतो, कारण उदाहरणापुरतेही केस काकांकडे उरलेले नाहीत.

रविवारी उजाडायच्या आत पार्किंगमध्ये दोन बादल्या येतात. एकीवर रंगाने 'शाम्पू' लिहिलंय, दुसरीवर 'विसळ'. दोन्हींच्या तळाशी जाळी, म्हणजे खाली बसलेली माती पुन्हा वर यायला नको. चाकांची बादली तिसरी, ती लांब, कोपऱ्यात. आधी नुसत्या पाण्याचा फवारा, मग फेस, मग फेसाने धूळ सोडवेपर्यंत हात मागे बांधून उभं राहणं. त्यानंतर झिपऱ्या-झिपऱ्यांचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, छतापासून सुरुवात करायची, हात सरळ रेषेत फिरवायचा, गोल कधीही नाही. एक पॅनेल झालं की मोजा विसळ बादलीत पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. खालचा मळका भाग शेवटी. हे सगळं बघताना मला एका गोष्टीचं कौतुक वाटतं: काका घाई करत नाहीत. याच काकांना बँकेत टोकन घेऊन पाच मिनिटं बसवत नाही.

मग टॉवेल. काकांच्या मायक्रोफायबर टॉवेलांचं सोवळं आमच्या आजीच्या सोवळ्यापेक्षा कडक आहे. रंगाचा टॉवेल काचेला नाही, काचेचा दाराच्या कडांना नाही, चाकांचा तर कुणालाच नाही. जमिनीला टेकलेला टॉवेल बाटला. तो पुन्हा बॉनेटला शिवायचा नाही, त्याची रवानगी इंजिनाकडे. ते वेगळे धुवायचे, सुती कपड्यांबरोबर नाही, कारण सुताचे तंतू चिकटतात. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव्य तर अजिबात नाही, त्याने टॉवेलची पाणी शोषायची ताकद जाते. गॅलरीतल्या दोरीवर गाडीचे लुसलुशीत टॉवेल मोकळ्या हवेत डुलत असतात आणि त्यांच्या शेजारी काकांचं स्वतःचं अंगपुसणं टांगलेलं असतं, ज्यातून पलीकडची इमारत दिसते.

पाण्याचं प्रकरण वेगळंच. बोअरचं आणि टँकरचं पाणी जड. ते गाडीवर सुकलं की क्षारांचे पांढरे ठिपके मागे ठेवतं, आणि उन्हात सुकलं तर ते ठिपके नुसत्या धुण्याने जात नाहीत. मध्यंतरी सोसायटीने नोटीस लावली की पाणी वाचवा, घरच्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी गाड्या धुवायला वापरा. काकांनी ती नोटीस वाचली आणि थेट सेक्रेटरींच्या घरी गेले. "अहो, पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून उरलेल्या पाण्यात घालतं ते यंत्र! सगळा क्षार तिकडेच. आणि ते तुम्ही गाडीवर ओतायला सांगताय?" रसायनशास्त्राच्या दृष्टीने काकांचं बरोबर होतं. सेक्रेटरींनी "गाड्या" खोडून "फरशी" केलं.

शेवटच्या धुण्यासाठी मग काकांनी एसीचं पाणी शोधून काढलं. एसीच्या नळीतून ठिबकतं ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. एप्रिल-मे महिन्यात काका शेजाऱ्यांच्या नळ्यांखाली कॅन लावून ठेवतात. उकाडा वाढला की त्यांचा चेहरा उजळतो. "रात्री एसी लावत जा हो, प्रकृतीला बरं असतं," असा सल्ला ते सी विंगला देतात, आणि सी विंगला अजून कळलेलं नाही की हा माणूस आपल्या प्रकृतीची इतकी काळजी का करतो.

काकांचा सगळ्यात मोठा शत्रू रोज पहाटे येतो. तो एक बादली आणि एक फडकं घेऊन सगळ्या विंगांच्या गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीपर्यंत इमानेइतबारे पोहोचवतो. पोरगा कष्टाळू आहे, बोलायला गोड आहे, पण सवयीने हात चालतो आणि काकांची गाडीही त्याने एकदोनदा पुसली. तेव्हापासून काका त्याला महिन्याचे पूर्ण पैसे देतात, गाडीला हात न लावण्याचे. पोरगा बिचारा पैसे घेताना अजूनही विचारतो, "काका, आरसा तरी पुसू का?"

काकांच्या खिशात एक यंत्र असतं, काडेपेटीहून जरा मोठं. ते पत्र्यावर टेकवलं की रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतं. प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. जुनी गाडी घेणारे काकांना म्हणूनच बरोबर नेतात, आणि तिथे हा माणूस खरोखर उपयोगाचा आहे. सगळी गाडी १२० दाखवते आणि एकच दार ३०० दाखवतं, तर ते दार पुन्हा रंगवलंय. हजाराच्या वर गेलं तर खाली लांबी भरलेली आहे आणि विकणारा "एक हाती, लेडीज वापरलेली" म्हणतोय ते सोडून द्यायचं. अशी कितीतरी घरं काकांनी वाचवली आहेत.

पण हत्यार हातात असलं की माणूस थांबत नाही. मेहुण्याच्या मुलीला बघायला मुलाकडची मंडळी आली, तेव्हा कांदेपोहे चालू असताना काका खाली जाऊन मुलाच्या गाडीला यंत्र लावून आले. वर येऊन मेहुण्याच्या कानात म्हणाले, "सगळं ठीक आहे, मागचं डावं दार ६४० आहे. मुलाने ठोकलीय आणि बोलला नाही." लग्न झालं. मुलगा उत्तम निघाला. काका मात्र आजही त्याची चौकशी "सहाशे चाळीस काय म्हणतायत?" अशीच करतात.

दुसरं हत्यार टॉर्च. कुठल्याही गाडीवर कडक उजेड टाकला की दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे दिसतात. ते सगळ्याच गाड्यांवर असतात आणि ज्याला माहीत नाही तो सुखाने जगतो. काका हे सुख राहू देत नाहीत. नवी गाडी आली, पेढे वाटून झाले, की ते मालकाला अंधाऱ्या कोपऱ्यात नेतात आणि टॉर्च लावतात. पेढा घशात अडकतो. त्यानंतर तो माणूस आपल्या गाडीकडे पूर्वीच्या नजरेने कधीच बघू शकत नाही. पुढच्या रविवारी त्याच्याकडेही दोन बादल्या.

ओरखडे घालवायचं मशीन काकांकडे आहे. त्याची चकती फिरता फिरता डुलते, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. गॅरेजमध्ये नुसतं गरागरा फिरणारं असतं. ते नवख्याच्या हातात गेलं तर कडांवरचा रंग उडवतं आणि उन्हात दिसणारे लाटांसारखे पट्टे सोडून जातं. काका रबराच्या पट्ट्यांवर टेप लावतात, आधी हातभर जागेवर प्रयोग करतात, आणि जो ओरखडा नखाला लागतो त्याच्या नादी लागत नाहीत. एकदा सेक्रेटरींनी विचारलं, "पण ओरखडा बुजतो कसा?"

"बुजत नाही," काका म्हणाले. "आजूबाजूचं सगळं घासून त्याच्या पातळीला आणायचं. मग तो दिसत नाही."

"म्हणजे आपल्या कमिटीचंच धोरण," सेक्रेटरी म्हणाले.

विनोद सोडा, पण या छंदाची सगळी गंमत इथेच आहे. पॉलिशने रंगात भर पडत नाही, तो कमी होतो. दर वेळी एक, दोन, तीन मायक्रॉन. काका ज्या थराला जिवापाड जपतात तोच थर जपण्याच्या भरात खरवडत असतात. त्यांना हे माहीत आहे. वहीत दर दिवाळीला प्रत्येक पॅनेलची जाडी लिहिलेली असते, आणि आकडे उतरत चाललेले आहेत.

वर संरक्षण म्हणून आधी कार्नाउबा मेण होतं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडतात ते. हेच मेण गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायला वापरतात, हे कळल्यावर काकूंनी डबी फ्रीजशेजारी ठेवायची बंद केली. मेण काही आठवडे टिकतं, म्हणून मग सिरॅमिक कोटिंग आलं. बाटलीवर '९ एच' लिहिलेलं. लोकांना वाटतं दहा म्हणजे हिरा, मग नऊ म्हणजे हिऱ्याचा धाकटा भाऊ. प्रत्यक्षात ते पेन्सिलीचं माप आहे: ९ एच पेन्सिलीने ओरखडा उठत नाही, एवढंच. हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडणारा खडा पेन्सिल नसतो. पण पाऊस पडला की या कोटिंगवर पाण्याचे टपोरे मणी होतात आणि घरंगळत जातात, आणि ते बघायला काका छत्री घेऊन खाली येतात. जुलैत बाकी सगळे पावसातून घरी पळत असताना एक माणूस बॉनेटसमोर तल्लीन उभा असतो.

कबुतरांबद्दल त्यांच्याशी बोलू नये. उन्हात रंग तापून मऊ होतो, त्यावर विष्ठा वाळते, आकसते, आणि रंगावर कायमचा ठसा उमटतो. शिवाय ती आम्लधर्मीही असते. म्हणून डिकीत प्रथमोपचाराची पेटी आहे. माणसांची नाही. फवाऱ्याची बाटली आणि ओले टॉवेल. साताऱ्याला मुंजीला जाताना कात्रजच्या अलीकडे छतावर काहीतरी पडल्याचा आवाज आला, तर काकांनी गाडी कडेला घेऊन त्या जागी ओला टॉवेल ठेवला आणि ते नरम होईपर्यंत सगळ्यांना उभं केलं. मुंजीचा मुहूर्त गेला. ठसा मात्र उमटला नाही.

दसऱ्याला घरात दोन पक्ष पडतात. काकूंना बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक हवं. काकांना हळदीचा डाग आणि कुंकवाचे कण दिसतात. बरीच वर्षं तहाची बोलणी चालली. आता स्वस्तिक पुढच्या काचेवर निघतं, कारण काचेला क्लिअर कोट नसतो. झेंडूचा हार घालतात, पण हार असताना गाडी हलवायची नाही, घासतो. नारळ गेटबाहेर फुटतो. चाकाखालच्या लिंबाला मात्र काकांची काही हरकत नाही. "टायर आहे तो," ते उदारपणे म्हणतात.

गाडी बाहेर जाते ती अशी. झाडाखाली लावायची नाही, बांधकामाजवळ नाही, दुसऱ्या गाडीच्या दाराच्या टप्प्यात तर नाहीच. मंगल कार्यालयापासून दोन चौक अलीकडे लावतात आणि काकू पैठणी सावरत चालत येतात. "माहेरी मी एसटीने जाते," त्या सांगतात. "तिकडचा रस्ता कच्चा आहे, गाडीला सोसत नाही."

मागच्या महिन्यात मुलाच्या आग्रहाखातर गाडी विकायचं ठरलं. एजंट आला, गाडीभोवती फिरला, आणि त्याचा चेहरा पडला. "काका, पूर्ण रंग मारलाय ना? दहा वर्षांच्या गाडीला एवढी चमक नसते." काकांनी विजयी मुद्रेने यंत्र काढलं. बॉनेट ९१. छत ८८. पुन्हा रंगवलेली असती तर दुप्पट दाखवलं असतं.

एजंट हुशार होता. "नवी होती तेव्हा किती होतं?"

काकांनी वही उघडली. "११४."

"मग बाकीचा कुठं गेला?"

काकांना उत्तर सुचलं नाही, असं त्या दिवशी पार्किंगमधल्या सगळ्यांनी प्रथमच पाहिलं. सौदा फिसकटला. पण संध्याकाळपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर तेज परत आलं. उरलेल्या ९१ मायक्रॉनवर आता पारदर्शक फिल्म चढवायची. सगळ्या रंगाहून जाड असते ती, आणि बारीक ओरखडे गरम पाण्याने आपोआप भरून येतात. खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे.

"आणि फिल्मला ओरखडा पडला तर?" काकूंनी विचारलं.

"म्हणून फिल्मवर कोटिंग."

"आणि कोटिंगवर?"

"त्यावर मेणाचा हात मारता येतो."

"मग त्यावर एकदाचं कव्हर घाला आणि झोपा."

"कव्हर?" काका ताडकन उठले. "अगं, कव्हरने घासलं जातं!"