झाडे : ४० नग

घरखर्चाच्या वहीत मध्यंतरी एक नोंद सापडली. दूध, इस्त्री, गॅस आणि त्याखाली कन्येच्या अक्षरात, म्हणजे आर्किटेक्चरच्या पहिल्या सेमला पोरांकडून गिरवून घेतात त्या ताठ, देखण्या अक्षरात : 'झाडे, ४० नग, १,४०० रु.'

मला वाटलं, पोरीनं वृक्षारोपण मनावर घेतलं. ऊर भरून आला. म्हटलं, "कुठे लावलीस गं?"

"मॉडेलवर, बाबा."

ज्यांच्या घरात आर्किटेक्चरला मूल आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांच्या घरात नाही, त्यांनी देवाचे आभार मानून खेळाचं पान उघडावं.

झाड म्हणजे काय, तर बोटाच्या दोन पेरांएवढी तार आणि तिच्या टोकाला हिरव्या रंगात बुचकळलेला स्पंज. नग पस्तीस रुपये, अप्पा बळवंत चौकात. मी घासाघीस केली असती. पण ही खरेदी रात्री साडेआठला होते, सबमिशन सकाळी दहाला असतं आणि दुकानाबाहेर तीसेक पोरं हातात शीटची नळकांडी घेऊन गदाधारी हनुमानासारखी उभी असतात. सबमिशनची तारीख कॉलेजच्या आधी त्या दुकानदाराला कळते, असा माझा संशय आहे.

आमच्या हिनं व्यवहारी उपाय सुचवला. भांड्याची हिरवी घासणी दहा रुपयांना मिळते. कातरली की चाळीस झाडं. कन्या म्हणाली, "आई, गेल्या सेमला एकानं लावली होती. ज्युरीतल्या सरांनी त्यातलं एक उपटलं आणि विचारलं, ही कोणती प्रजाती?"

विषय काय होता? परवडणारी घरं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी, ३० चौरस मीटर चटईक्षेत्राची.

आता मी पडलो हिशेबी माणूस. मॉडेलचं प्रमाण १:१००. म्हणजे तीस चौरस मीटरचं घर मॉडेलवर तीस चौरस सेंटिमीटरचं झालं. दोन काडेपेट्या शेजारी ठेवा, त्यात थोडी जागा उरेल एवढं. पाया दोन फूट बाय दोन फूट, म्हणजे चार चौरस फूट. खर्च : सनबोर्ड, माउंटबोर्ड, लेझर कटिंग (मिनिटावर पैसे, टेलिफोन बूथची आठवण झाली), फेव्हिक्विक, फेव्हिक्विकनं चिकटलेली बोटं सोडवायचं औषध, रिक्षा आणि वरील झाडे. एकूण ९,२०० रुपये. भागिले चार. फुटाला २,३००. गावाकडे माझ्या चुलतभावानं गेल्या वर्षी घर बांधलं, त्याला ठेकेदारानं १,९०० रुपये फुटानं काम करून दिलं. स्लॅब, प्लास्टर, फरशी, संडास-बाथरूम धरून. म्हणजे परवडणाऱ्या घराचं खेळणं खऱ्या घरापेक्षा फुटामागे चारशेनं महाग आणि त्यात संडासही नाही. मग झाडांकडे वळलो. १:१०० म्हणजे उंची शंभरावा भाग, रुंदी शंभरावा भाग, जाडीही शंभरावा भाग. खऱ्या झाडात अशी दहा लाख झाडं मावतात. त्या दरानं खरं झाड घ्यायचं तर दहा लाख गुणिले पस्तीस, साडेतीन कोटी रुपये. चाळीस झाडांचे एकशे चाळीस कोटी. या एकशे चाळीस कोटींच्या सावलीत दुर्बल घटक बसणार, विडी ओढणार आणि मेंटेनन्स किती येतो ते विचारणार. हे गणित मी मोठ्या उत्साहानं घरात मांडलं. ही म्हणाली, "पानं घेतली आहेत."

शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडू नये, असा कायदा राज्यात १९७५ सालापासून आहे. आमच्या गल्लीत तो कधी दिसला नाही. हॉलमध्ये मात्र सबमिशनपर्यंत त्याची कडक अंमलबजावणी होती. पंखा बंद, कारण वाऱ्यानं झाडं कलतात. खिडकी बंद, कारण तेच. झाडणाऱ्या मावशींना हॉलबंदी. ऐन ऑक्टोबरात आम्ही तिघं घामानं निथळत जेवत होतो आणि मधोमध दुर्बल घटक हिरवाईत उभा होता.

सकाळी मॉडेल रिक्षात मागच्या सीटवर बसलं, कन्या त्याला धरून कडेला टेकली, मी स्कूटरवरून मागोमाग. वरातच ती.

ज्युरी चार मिनिटांत आटोपली. बाहेरून आलेल्या पाहुण्या सरांनी चहाचा कागदी कप मुलांच्या क्रीडांगणावर ठेवला, पेनाच्या टोकानं एक छत उचकटलं, आत पाहिलं (आत काही नव्हतं) आणि म्हणाले, "झाडं जरा जास्त झालीत."

इथवर ठीक होतं. घरचं हसू घरात. पण तिच्या वर्गात लातूरकडचा एक मुलगा आहे. त्यानं किराणा दुकानातून बिस्किटांच्या खोक्यांचे पुठ्ठे आणले, ब्लेडनं कापले आणि त्याच घरांचं मॉडेल केलं. खर्च गोंदाचा. झाडं म्हणून त्यानं वाळक्या तुळशीच्या मंजिऱ्या खोचल्या होत्या. कन्या म्हणते, वर्गात सगळ्यात चांगला प्लॅन त्याचा होता. उजेड, वारा, ओटा, कपडे वाळत घालायची जागासुद्धा. त्याला शेरा मिळाला, "प्रेझेंटेशन वीक." आणि वर सल्ला, लहान जागेत माणसं कशी राहतात याचं जरा निरीक्षण कर.

हा मुलगा कॉट बेसिसवर राहतो. दहा बाय दहाची खोली, चार कॉट. दहा बाय दहा म्हणजे ९.२९ चौरस मीटर. घरात राहायची खोली एकच असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटरची हवी, हे त्याला बांधकाम संहितेतलं तोंडपाठ आहे. परीक्षेत त्याला मार्क आहेत. म्हणजे तो राहतो ती खोली नियमानं खोलीच नाही. तिथे जमिनीवर ए-वन शीट पसरायला जागा नाही म्हणून तो ड्रॉइंग बोर्ड कॉटवर ठेवतो आणि स्वतः खाली उकिडवा बसतो. बाकीचे तिघं पाय पोटाशी घेऊन झोपतात, कारण शीटवर टाच पडली तर रात्र गेली. त्याला निरीक्षण करायला सांगताय? फी माफ होते, उशिरा का होईना होते. झाडं माफ होत नाहीत. प्लॉट, प्रिंट, सनबोर्ड, स्टडी टूर, सेकंड-हँड लॅपटॉपचं जळलेलं ग्राफिक्स कार्ड, यातलं काही कुठल्या सवलतीत बसत नाही. बाप सोयाबीन विकून पैसे धाडतो आणि ते लेझरच्या मिनिटांत जळतात. पाच वर्षं, दहा सेम. कोणी ठरवलं की स्पंजाला मार्क द्यायचे आणि मंजिरीला नाही? ज्याला गरिबाचं घर कागदावरच काय, पाठीच्या कण्यात माहीत आहे, त्याला नापास करायचं आणि ज्याच्या बापाकडे एकशे चाळीस कोटींची झाडं आहेत त्याला पास? मीही त्याच बापांत आलो, हे मला कळतं. म्हणून तर जास्त संताप येतो.

असो. सेम संपलं. सगळी मॉडेलं कॉलेजच्या जिन्याखाली ढिगानं पडली आहेत. रद्दीवाला सनबोर्डाला हात लावत नाही. कन्येनं आपली झाडं मात्र उपटून चकलीच्या डब्यात भरून आणली. तेहतीस धड निघाली. म्हणाली, "बाबा, पुढच्या सेमला पैसे वाचतील. अर्धी त्याला देते."

काल पुढच्या सेमचा विषय लागला : देवराईतलं अभ्यागत केंद्र. देवराईत झाड तोडत नाहीत, पडलेलं लाकूडही उचलत नाहीत, त्यामुळे झाडं भरपूर दाखवावीत, अशी सूचना आहे. मी डबा काढून आणला. कन्येनं विषयाच्या कागदाची शेवटची ओळ दाखवली.

प्रमाण १:५०. डब्यातल्या सगळ्या झाडांची आता झुडपं झाली.