हनुवटी काढणे आहे

मालाड स्टेशनाच्या पश्चिमेला उतरावं, फेरीवाल्यांतून वाट काढत एसव्ही रोड ओलांडावा आणि लिंक रोडच्या दिशेने चालू लागावं. वाटेत माणसाच्या अंगात काहीही बसवून मिळतं. दात मिळतात, केस मिळतात, गुडघे मिळतात, गालावरच्या खळ्यासुद्धा मिळतात, आणि सगळं बिनव्याजी हप्त्यावर. बसवलेलं काढून देणाऱ्याची पाटी मात्र मला आजवर दिसलेली नाही. डॉक्टराने स्वतःची जाहिरात करू नये असा 2002 सालचा नियम आहे. तो पाळायची जबाबदारी या रस्त्यावर बहुधा काढणाऱ्यांनीच उचलली असावी.

मला या पाट्या वाचायची वेळ आली ती भाच्यामुळे. ताईचा धाकटा. नट आहे. मढच्या बंगल्यांत मालिकांचं शूटिंग चालतं, आणि मालाडहून मढ हाकेच्या अंतरावर आहे असं आईला पटवून तो आमच्याकडे राहायला आला. (हे अंतर ज्यांना हाकेचं वाटतं त्यांनी संध्याकाळी 271 नंबरच्या बसने मार्वे रोड पार करून दाखवावा.)

आमच्या घराण्यात हनुवटीचं पीक मुळातच कमी. आजोबांच्या फोटोत तोंड संपून मान कुठे सुरू होते हे उपरण्यावरून ठरवावं लागतं. तरी तेवढ्या हनुवटीवर घराण्यात हेडमास्तर झाले, तलाठी झाले, आणि सगळ्यांची लग्नं वेळेवर झाली. भाच्याचं मात्र अडलं. कुणा कास्टिंगवाल्याने त्याला बाजूने पाहून सांगितलं, "फेस अच्छा है, लेकिन चिन किधर है?" पोराने मित्राकडून पैसे उसने घेतले आणि चिन आणली. घरी सांगितलं, अक्कलदाढ काढली. मामीने त्याला आठवडाभर मऊ भात खायला घातला आणि अक्कल नसताना दाढ कुठून आली, एवढंच विचारलं.

नव्या हनुवटीवर त्याला इन्स्पेक्टरची भूमिका मिळाली. पाचव्या भागात गोळी लागून इन्स्पेक्टर गेला. पुढे हनुवटीही जागची हलली, किंचित डावीकडे. खालचा ओठ जड झाला. चहाचा थेंब ओघळला तरी याला पत्ता नसे. मामी न बोलता रुमाल पुढे करायची. एका मालिकेत बापाच्या अस्थी हातात घेऊन ओठ थरथरवायचे होते. ते थरथरलेच नाहीत. दिग्दर्शक म्हणाला, "वा, काय संयत काम आहे!" त्या रात्री भाचा घरी येऊन खरोखरचा रडला, तेही फक्त उजव्या बाजूने.

बिंग फुटलं ते दातांच्या डॉक्टरकडे. खालचे पुढचे दात ठणकतात म्हणून बाजूने एक्स-रे काढला, तर हनुवटीच्या हाडाला खळगा पडलेला. "इथे काय ठेवलंय?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भाच्याने माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी ठेवलं होतं. इम्प्लांट हाडावर दाबून बसलं की खालचं हाड हळूहळू झिजतं, हे 1969 सालापासून वैद्यकीय नियतकालिकांत छापून येतंय. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. पण झीज दातांच्या मुळांकडे सरकू लागली तर ते काढलेलं बरं.

सर्जन निवडायचा म्हटल्यावर सोसायटीत आपोआप एक समिती स्थापन झाली. तळमजल्यावरचे गुजराती काका म्हणाले, "ज्याने घातला त्यानेच काढायचा ने! बिल हाय का? वॉरंटी बघा." सल्ला चुकीचा नव्हता, पहिल्या सर्जनला आत काय आणि कुठे ठेवलंय हे माहीत असतं. पण आम्ही गेलो तर क्लिनिकच्या जागी वॉफलचं दुकान. काउंटरवरच्या मुलाने आम्हाला ऐकून घेतलं आणि विचारलं, "चॉकलेट की स्ट्रॉबेरी?" दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, कोटेशनं मागवा आणि सगळ्यात कमी वाल्याला द्या. सोसायटीची गच्ची यांनी याच पद्धतीने वॉटरप्रूफ करून घेतली होती आणि वरच्या मजल्यावर अजून बादल्या मांडतात, म्हणून मी विषय बदलला. मेडिक्लेमची पॉलिसी उघडली तर कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली, कलम 08. दवाखान्याच्या उपचारांना जीएसटी माफ, पण सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला 18 टक्के. घालताना ते सौंदर्य होतं हे कबूल. झिजणारं हाड वाचवायला काढताना ते सौंदर्य की आजार, यावर आमच्या सोसायटीच्या सीएने अजून तोंड उघडलेलं नाही.

पहिलं काचेचं क्लिनिक. तिथे डॉक्टरच्या आधी ब्लेझर घातलेली एक मुलगी भेटते. तिने भाच्याची हनुवटी टॅबवर फिरवून पाहिली आणि म्हणाली, "सर, काढायची कशाला? दुसऱ्या साइडला फिलर भरू. बॅलन्स होऊन जाईल." म्हणजे तिरक्या भिंतीला टेकू म्हणून दुसरी तिरकी भिंत. डॉक्टर शेवटी आले, हसले आणि गेले. हनुवटीला कोणी हातही लावला नाही. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो होते. सगळ्या 'नंतर'मध्ये माणसं हसत होती आणि लाइट चांगला होता.

तिथून बाहेर पडल्यावर मी नावापुढची अक्षरं वाचायला शिकलो. प्लास्टिक सर्जन म्हणजे एमबीबीएस, मग एमएस, आणि त्यावर तीन वर्षांचं एमसीएच किंवा तशीच डीएनबी. जबड्याचा सर्जन म्हणजे बीडीएस आणि त्यावर तीन वर्षांचं एमडीएस. हनुवटीच्या बाबतीत हे दोघेही आपापल्या जागी योग्य. चार महिन्यांच्या डिप्लोम्याची अक्षरंही नावापुढे तितकीच लांब दिसतात, ही खरी अडचण. एमबीबीएसवाल्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, तिचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असायला हवा. मी तो मोठ्याने वाचून संकेतस्थळावर टाकायचो. भाच्याला याची लाज वाटायची. हनुवटी घालताना वाटली असती तर बरं झालं असतं.

पुढचे गृहस्थ जबड्याचे सर्जन. ज्ञानी माणूस. स्कॅन पडद्यावर आला आणि ते भाच्याला विसरले. "इम्प्लांट काढू, आणि हनुवटीचं हाडच कापून पुढे सरकवू. प्लेट, स्क्रू, पक्कं काम." हीही खरीखुरी शस्त्रक्रिया आहे, अनेकांना तीच योग्य ठरते, आणि त्यांनी ती नीट समजावून सांगितली. पण बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडे वळली. "तुमचाही जबडा मागेच आहे की!" मी तोंड मिटलं. आम्ही निघेपर्यंत ते उघडलं नाही.

मला राहून राहून कावसजी आठवत होता. इंग्रजांच्या फौजेतला मराठी बैलवाला. 1792 च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, तो पत्रा कपाळावर पसरून कड आखली, आणि कपाळाची तेवढी कातडी खाली वळवून नाक केलं, चिकटवायला काथ. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, बघत होते. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ही हकिगत छापली, आणि पुढे 1814 साली कार्प्यू नावाच्या सर्जनने लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया करून पाहिली.

यात मला भावतं ते चित्र. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांना रंगवणाऱ्या जेम्स वेल्सने कावसजीलाही रंगवलं, तेही नाक बसवल्यानंतर दहा महिन्यांनी. सूज उतरलेली, व्रण दिसतोय, माणूस हसत नाही. टाके काढायच्या दिवशी फोटो घेऊन भिंतीवर लावणाऱ्यांनी एकदा ते चित्र बघावं.

शेवटचे डॉक्टर एका जुन्या नर्सिंग होममध्ये बसतात. भिंतीवर आधी-नंतर काही नाही. रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक, 2021 च्या नियमाप्रमाणे, आणि दोन्ही वाचता येतील अशा उंचीवर. त्यांनी आधी हात धुतले. मग भाच्याला खुर्चीवर सरळ बसवून दोन्ही अंगठ्यांनी हनुवटीची कड चाचपली, डावीकडून उजवीकडे, पुन्हा उलट. खालचा ओठ खाली ओढून आत टाक्यांचा माग आहे का पाहिलं. "गाल फुगवा. शिट्टी वाजवा. म्हणा, पपई, बाभूळ, मामा." मामाला भाचा अडखळला. मग कापसाची वात ओठाच्या एकेका बाजूवरून फिरवत विचारलं, कुठे कळतं, कुठे नाही, आणि कागदावर ओठ काढून तेवढा भाग पेन्सिलीने रंगवला. "ही नस आधीच किती बधिर आहे हे लिहून ठेवतो. नाहीतर नंतर ते माझ्या नावावर चढायचं."

"काढणं फार वेळाचं काम नाही," ते म्हणाले. "गोष्ट आहे त्यानंतरची. इतकी वर्षं कातडी आणि स्नायू ताणून राहिलेत. आतलं काढलं की ते लोंबतं. तो स्नायू हाडाला पुन्हा वर शिवावा लागतो. आणि बाजूने पहिल्यासारखेच दिसाल. ते चालणार आहे का?" हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नव्हता. भाच्याने आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आमच्या घराण्याचा चेहरा शेवटी स्वीकारल्यासारखी मान हलवली.

मामी मात्र पर्स मांडीवर उघडी ठेवून बसली होती. "डॉक्टर, तुम्ही घातलेल्या नको. काढलेल्या किती?"

"मोजक्याच."

"त्यातलं कुणाचं बिघडलं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "एका बाईंची हनुवटी नंतर सैल पडली. पुन्हा शिवायला लागली."

मामीने पर्स बंद केली. आमच्या घरात हा आवाज झाला की निकाल लागलेला असतो.

राहिली एक गोष्ट. आत आहे काय? सिलिकॉन असेल तर त्याभोवती शरीर एक पातळ पिशवी तयार करतं, त्यातून ते सहज निसटून येतं. सच्छिद्र पॉलिथिलिन असेल तर मांस त्याच्या भोकांत शिरून बसतं. सोडवायला वेळ लागतो आणि नस शेजारीच. "कुठलं आहे?" "चांगल्या कंपनीचं," भाचा म्हणाला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही. वॉफलच्या दुकानात चौकशी करण्यात अर्थ नव्हता. शेवटी फाइल सापडली ती पैसे उसने देणाऱ्या मित्राकडे. पठ्ठ्याने ती तारण म्हणून ठेवून घेतली होती. राहिलेले पैसे मी भरले आणि फाइल सोडवली. आत ऑपरेशनच्या कागदावर कंपनीचा स्टिकर: सिलिकॉन, मीडियम.

भाचा कितीतरी वेळ त्या स्टिकरकडे बघत होता. "मामा," तो म्हणाला, "मी लार्जचे पैसे दिले होते."

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरात कुणाच्या अंगात काही बसवलेलं असेल, हनुवटी सोडा, हृदयातला स्टेंट असेल, डोळ्यातली लेन्स असेल, गुडघा असेल, तर तो स्टिकर लावलेला कागद आज शोधा आणि रेशनकार्डाबरोबर ठेवा. नसेल तर डॉक्टरकडे लेखी मागा. मागितल्यावर 72 तासांत त्यांनी तो द्यायचा असतो, पण सांभाळून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं आहे.