ड्रॉवाले काका

फुटबॉलच्या मैदानावर चेंडूकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस दिसला, तर तो एकतर भजीवाला असतो नाहीतर ड्रॉवाले काका. त्यातल्या भजीवाल्याला निदान स्कोअर तरी माहीत असतो.

बेळगावच्या टिळकवाडीत असे काका गल्लीला एक तरी निघतात. पहिल्या रेल्वे गेटापासून तिसऱ्या गेटापर्यंत कुठंही शोधा. वय साठीपुढचं, उभी नोकरी विमा नाहीतर टपाल खात्यात, हिशेब चोख, गुडघे कामातून गेलेले. तरुणपणी आपण फुटबॉल खेळायचो, असं ते सांगतात. कुठल्या जागेवर, असं विचारलं तर जरा थांबून म्हणतात, “राखीव.” काखेत प्लॅस्टिकच्या नळकांड्यात गुंडाळलेला ड्रॉइंग पेपर, खिशात लाल आणि निळं बॉलपेन, हातात फूटपट्टी. जुलैच्या धो धो पावसात त्यांची छत्री कागदाच्या डोक्यावर असते आणि काका स्वतः भिजत असतात.

बेळगावात शाळा सुरू झाल्या की फुटबॉलही सुरू होतो. शिक्षण खात्याच्या तालुका, जिल्हा, विभागीय स्पर्धा. सुब्रतो कपाच्या निवड फेऱ्या. कॅम्पात १८५६ सालच्या सेंट पॉल्स हायस्कूलच्या मैदानावर फादर एडी स्मृतिचषक. प्रत्येक स्पर्धेला खेळाडू लागतात, पंच लागतो, हार घालून घ्यायला पाहुणा लागतो. तितकाच, कोण कोणाशी खेळणार याचा ड्रॉ काढणारा लागतो, पण त्याचं नाव आमंत्रणपत्रिकेवर नसतं. त्याचं दुःख काकांना नाही. त्यांचं नाव ड्रॉच्या तक्त्याखाली उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, वेळ घालून लिहिलेलं असतं.

समजा १९ शाळांनी नावं दिली. पीटी सर कपाळाला हात लावतात. “काका, वीस असत्या तर बरं झालं असतं की.” काका हसतात. वीस काय नि एकोणीस काय, दर फेरीला संघ निम्मे व्हायचे तर गाठायचं ते बत्तीसलाच. बत्तीसातून एकोणीस गेले, राहिले तेरा. म्हणून तेरा शाळांना पहिल्या फेरीत पुढे चाल, म्हणजे न खेळताच दुसरी फेरी. वरच्या अर्ध्यात दहा संघ, खालच्या अर्ध्यात नऊ. पहिली पुढे चाल खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, तिसरी खालच्यातल्या पहिल्याला, चौथी वरच्यातल्या शेवटच्याला. हा क्रम काका रोजची संध्या म्हणावी तसा न अडखळता म्हणतात. मग पहिल्या फेरीत सामने किती? तीन. एकूण किती? अठरा. “एक संघ जिंकायचा म्हणजे अठरा हरायला पाहिजेत. एका सामन्यात एकच हरतो. झालं.” एवढं बोलून ते पट्टी खिशात घालतात. त्याच एकोणीस शाळांची साखळी घेतली तर १७१ सामने होतात; दिवसाला चार धरले तरी त्रेचाळीस दिवस. “तोवर सहामाही येतीय,” असं म्हणून काका सरांच्या डोक्यातली साखळी तिथंच तोडतात.

चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून शेजारच्या चिमुरडीकडून काढल्या जातात. तरी संशय काकांवरच. पुढे चाल मिळालेल्या शाळेचे पालक रस्त्यात भेटले की हात जोडतात. न मिळालेल्या शाळेचे पालक आरपीडी क्रॉसला दिसले की रस्ता ओलांडतात. काकूंचं मत वेगळंच आहे. “ह्यांनी आमच्या लग्नाच्या पंगतीचाही ड्रॉ काढला होता. माझ्या माहेरची माणसं तिसऱ्या फेरीत बसली.”

जगातली बहुतेक भांडणं पद्धत चुकल्यानं होतात, असा काकांचा सिद्धान्त आहे. सीमाप्रश्नही त्यातून सुटत नाही. १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालय गाठलं. काका म्हणतात, “मुख्य वेळ संपली, जादा वेळ चालूच आहे, पेनल्टी घ्यायला कुणी पुढं येईना. नियमपुस्तिका न छापता स्पर्धा सुरू केली की असंच होतंय बघा.” ऐकणारा मराठी असो की कन्नड, एवढ्यापुरता मान हलवतो.

त्यांना सर्वांत आवडलेला सामना त्यांनी पाहिलेला नाही. जानेवारी १९९४, कॅरिबियन चषकाची पात्रता फेरी, बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा. पुढं जायला बार्बाडोसला दोन गोलांच्या फरकानं जिंकायचं होतं. संयोजकांनी नियम केला होता की जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना संपला आणि तो गोल दोन धरायचा. बार्बाडोस २-१ नं पुढं होता, वेळ संपत आलेली. त्यांनी काय केलं? स्वतःच्याच जाळीत चेंडू मारला. २-२! म्हणजे आता जादा वेळ, आणि जादा वेळेत दोनाचा गोल. ग्रेनाडाच्या ध्यानात आलं की ३-२ नं जिंकलो काय किंवा २-३ नं हरलो काय, पुढं आपणच जातो. म्हणून ते दोन्हीकडच्या जाळ्यांत गोल मारायला धावू लागले आणि बार्बाडोसवाले दोन्ही जाळ्या राखत बसले. शेवटी जादा वेळेत बार्बाडोसचा गोल झाला, ४-२ नं जिंकले. हे सांगताना काकांचे डोळे भरून येतात. “खेळाडूंची काय चूक? ज्यानं नियम लिहिला त्याला भर मैदानात उभा करायला पाहिजे होता.” दुसऱ्या गेटापाशी मालगाडीसाठी फाटक पडलं की शेजारच्या स्कूटरवाल्याला ही गोष्ट ऐकावी लागते. गाडी लांब असेल तर पुढचा भागही येतो: १९६८ साली युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत इटली आणि सोव्हिएत संघ बरोबरीत राहिले आणि निकाल नाणं उडवून लागला, त्यानंतर दोन वर्षांनी पेनल्टी शूटआउट नियमांत आलं. काकांना अजून नाणंच पसंत. त्याला निदान सरावाची गरज नसते.

ड्रॉच्या खालोखाल काकांचा जीव वयोगटात आहे. चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील. वयाची रेघ वर्षाच्या आरंभाला ओढलेली, म्हणून १ जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जन्मलेला एकाच गटात. त्या वयात वर्षभराचं अंतर म्हणजे वीतभर उंची आणि एक फुटलेला आवाज. हे ध्यानात आल्यापासून टिळकवाडीतल्या कुठल्याही लग्नात काका नवरा-नवरीला आहेर देताना हळूच म्हणतात, “जानेवारी बघा.” दोघांना वाटतं, फिरायला जायचा महिना सांगितला.

जन्मदाखले तपासायला ते भिंग घेऊन बसतात. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून ही जन्मतारीख टाकायचे. काकांची स्वतःचीही तीच आहे, पण तो विषय त्यांना चालत नाही. फिफानं २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय सुरू केला, हे त्यांना पाठ आहे. आपल्याकडे एमआरआय कुठला? मग काका मिशी बघतात. एकदा त्यांनी मिशीवाल्या एका दांडग्या पोराला बाजूला घेऊन दाखला मागितला. तो पीटी सर निघाला, नवीन लागलेला.

भूगोलाबद्दलही काकांची तक्रार आहे. महसुलाला बेळगाव जिल्हा एक, पण शिक्षण खात्याला दोन: बेळगाव आणि चिकोडी. निपाणीची पोरं चिकोडीत मोडतात. कोल्हापूर निपाणीहून चाळीसेक किलोमीटरवर; पाटाकडील तालमीचा सामना असला की तिथली पोरं शाहू स्टेडियम गाठतात आणि शाळेत येऊन तशीच किक मारतात. पण टिळकवाडीच्या पोरांशी त्यांची गाठ विभागीय फेरीशिवाय पडायची नाही, आणि तिथंवर दोघंही पोचले तर! “पाऊणशे किलोमीटरवरची पोरं,” काका हळहळतात, “आणि दोघांच्या मधे दोन जिल्ह्यांचे कप.”

हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण काकांचा भाचा टेक्सासात गेला.

भाच्यानं फोनवर सांगितलं की तिकडं हायस्कूल फुटबॉल म्हणजे देवाची जत्रा, अंतिम सामने डॅलसजवळच्या मोठ्या व्यावसायिक स्टेडियममध्ये होतात. चेंडू हातानं धरतात, हे कळल्यावर काका निम्मे निराश झाले. मग भाच्यानं वर्गवारी सांगितली. तिकडं शाळा पटसंख्येनुसार सहा वर्गांत वाटतात, १-ए सर्वांत लहान, ६-ए सर्वांत मोठा. दर दोन वर्षांनी पट पुन्हा मोजून वर्ग नव्यानं ठरवतात. अगदी बारक्या शाळांत अकरा पोरंही जमत नाहीत, तर त्यांच्यासाठी सहा-सहा जणांचा वेगळा खेळ. लहान शाळेनं लहान शाळेशी लढायचं, मोठीनं मोठीशी. त्या रात्री काका झोपले नाहीत. सकाळी काकूंना म्हणाले, “आपण आजवर फक्त वय मोजलं. शाळा मोजलीच नाही.”

पंधरा दिवसांत आराखडा तयार झाला. हजारावर पट असेल तर अ वर्ग, पाचशे ते हजार ब, पाचशेच्या आत क, आणि शंभराच्या आत ड, ज्यात सात-सात जणांचा सामना. मुख्याध्यापकांची बैठक बोलावली. चहा, बिस्किटं, प्रत्येकापुढं कोरा तक्ता. काकांनी विचारलं, “पटसंख्या सांगा.”

खोलीत शांतता. एक मुख्याध्यापक खाकरून म्हणाले, “कुठली सांगू? खात्याला कळवलेली, संस्थेला सांगितलेली का बाकावर बसलेली?” लहान शाळांना भीती, की ड वर्गात नाव छापून आलं तर पुढच्या जूनला प्रवेशाला कोण येणार? मोठ्या शाळांची अडचण निराळी. सगळे मोठे एकाच वर्गात गेले, तर पहिल्या फेरीत ९-० नं जिंकल्याचा फोटो पेपरात यायचा कसा? मध्यम शाळा म्हणाल्या, आम्ही मध्यम नाहीच. शेवटी ठराव झाला: वर्गवारी नको. मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी अशा चारही माध्यमांचं एका मुद्द्यावर एकमत झाल्याची बेळगावातली ही घटना काकांमुळं घडली. पण त्याचं श्रेय त्यांना कुणी दिलं नाही.

इथवर वाचून काकांना हसायला हरकत नाही, टिळकवाडी हसतेच. पण एखाद्या जुलैत लेले मैदानाच्या कडेला उभं राहून बघावं. एका बाजूला दोन हजार पटाची शाळा, जिच्या राखीव खेळाडूंनाही छापील नावाचे टी-शर्ट. दुसऱ्या बाजूला आठवी-नववी-दहावी मिळून चाळीस पोरं असलेली मराठी शाळा. अकरावा गडी गोलकीपर, कारण तो उंच नाही पण नाही म्हणत नाही. राखीव कोणी नाही. बूट सात जणांना. तासाभरात ९-०, आणि वर्षभर पहाटे उठून केलेला सराव संपला. बाद पद्धतीचा हिशेबच असा आहे: पुढे चाल नसलेल्या पहिल्या फेरीत निम्मे संघ एकेकच सामना खेळून घरी जातात. ज्यांना खेळायची जास्त गरज, त्यांनाच सर्वांत कमी खेळायला मिळतं. जे आधीच तयार, त्यांना चार-चार, पाच-पाच सामने. मैदानावरचे सगळे नऊ गोल मोजत असतात. हा हिशेब फक्त चेंडूकडे पाठ केलेल्या त्या माणसानं मांडलेला असतो.

काकांचा नवा तक्ता तयार आहे. सोळा शाळा असतील तर चार-चारचे चार गट करायचे, गटात साखळी, गटातले पहिले दोन पुढं, मग बाद फेरी. पंधराऐवजी एकतीस सामने होतात, पण प्रत्येक पोराला तीन सामने हमखास. यात नवं काही नाही. १९९८ ते २०२२ विश्वचषकही चार-चारच्या गटांनीच खेळला गेला आणि २०२६ साठी ४८ देश घेतले तेव्हाही गट चारचेच ठेवले. मैदान मिळत नसेल तर निदान पहिल्या सामन्यात हरलेल्यांचा वेगळा गट काढून त्यांनाही एक कप ठेवायचा. कपाचे पैसे द्यायला काका तयार आहेत. पेन्शनच्या पुस्तकात त्यांनी तशी नोंदही केली आहे.

तेव्हा येत्या मोसमात कुणी शालेय स्पर्धा भरवणार असाल, तर प्रवेश अर्जावर जन्मतारखेशेजारी पटसंख्येचा एक रकाना वाढवा, आणि पहिल्या फेरीत बाद होणाऱ्यांना आणखी एक तरी सामना द्या. ड्रॉ काढायला काकांना घरी जाऊन बोलवा. बार्बाडोस ऐकून घ्यायची तयारी ठेवा. आणि चहा बिनसाखरेचा सांगा.