अकरा महिन्यांचं वर्ष

पंचांगात वर्ष बारा महिन्यांचं असतं, अधिक मास आला तर तेरा; भाड्याच्या घरात मात्र ते अकराव्या महिन्यातच संपतं. 1908च्या नोंदणी कायद्यानं वर्षाहून मोठ्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली आणि कुणीतरी चतुराईनं एक महिना कातरून टाकला. पुढे महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असं ठरवलं, ती जबाबदारीही मालकाच्याच गळ्यात घातली. तरी करार होतात ते अकराच महिन्यांचे. कारण केव्हाच घर सोडून गेलं, सवयीनं ताबा सोडला नाही.

दुसरा फ्लॅट घेऊन भाड्यानं देण्याचं स्वप्न पाहणारे हल्ली मला सल्ला विचारतात. मी त्यांच्यापुढे कागद-पेन्सिल ठेवतो. ऐंशी लाखांचा फ्लॅट, वीस हजार भाडं. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार, म्हणजे नेमके 3 टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, वर भाडेकरू ठेवल्याबद्दलचा बिनभोगवटा आकार (तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपुढे नेता येत नाही, हे सेक्रेटरींना हसतमुखानं सांगावं), महापालिकेचा कर आणि रंगकाम. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते आणि तिचा गीझर कधी बिघडत नाही. आयकर खातं तेवढं दिलदार. कर वजा जाता उरलेल्या भाड्यातून 30 टक्के ते सरळ सोडून देतं, एकही पावती न मागता. इतका विश्वास माझ्यावर घरातही कुणी टाकत नाही.

मग लोक घर का देतात? पूर्वी देताना भीत. मुंबईत 1947च्या कायद्यानं भाडी 1940च्या आकड्यांवर थिजवली, आणि गिरगावातल्या चाळींचे मालक महिन्याच्या भाड्यात धड नाश्ताही होत नाही अशा अवस्थेत म्हातारे झाले. घर दिलं की गेलं, ही धास्ती त्या पिढीनं वारसाहक्कानं पुढे दिली. आता मुदत संपल्यावरही राहिलेल्याकडून दुप्पट रक्कम मागता येते, करारावर अंगठे घ्यायला यंत्र घरी येतं; पण मालकाच्या चेहऱ्यावरची ती जुनी काळजी काही जात नाही. ती साऱ्या जोरानिशी एकाच कलमात उतरते: भिंतीला खिळे मारू नयेत.

आणि खरी गंमत पुढेच असते. स्वतःच्या घरी जायला आधी फोन करावा लागतो. आपणच बसवलेली बेल आपण पाहुण्यासारखी हळूच दाबतो, चपला बाहेर काढतो आणि आपल्याच दिवाणखान्यात अवघडून बसतो. आतून हाक येते, ‘काका, चहात साखर किती?’ नव्या मालकानं ही कला पहिल्या महिन्यातच शिकून घ्यावी. घर आपलं असलं तरी त्यातला फोडणीचा वास त्यांचा असतो.

माझ्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं राहत होतं. एकदा त्यानं फार संकोचानं विचारलं, ‘काका, हॉलच्या छताला एक कडी लावू का? पाळण्यासाठी.’ कराराचं ते कलम माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि लाजून परत गेलं. पुढच्या नूतनीकरणाला मी भाडंही वाढवलं नाही. बायकोला हिशेब दाखवला: 5 टक्के वाढ म्हणजे वर्षाचे बारा हजार, घर महिनाभर रिकामं पडलं तर वीस हजार जातात, वर एजंटची दलाली. चांगला भाडेकरू टिकवण्यात फायदा असतो, हा सल्ला अगदी खरा आहे. तो आकड्यांतही बसतो हे माझं नशीब. नाहीतर त्या कडीसाठी दुसरी सबब शोधावी लागली असती.

बाळ चालायला लागलं, त्यांनी स्वतःचं घर घेतलं. एजंट नव्या लोकांना फ्लॅट दाखवत होता. छताकडे बोट करून म्हणाला, ‘झोपाळ्याची सोय आहे बरं का!’ आणि भाडं हजारानं वाढवून सांगितलं. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, करारात एक ओळ घाला, छताची कडी काढू नये. तो फॉर्म बराच वेळ न्याहाळत राहिला.

‘इतर अटींत टाकतो,’ तो म्हणाला, ‘पण काका, कडीचं डिपॉझिट किती धरू?’