डावीकडे जरा जाड आहे

पुणेकराच्या स्वभावाला शोभेल असं हस्तकौशल्य जगात एकच आहे : लाकडी धनुष्य बनवणं. विणकामात टाके घालावे लागतात, आमटीत मीठ घालावं लागतं, पाहुण्याला चहात साखर घालावी लागते. धनुष्यात काहीच घालायचं नसतं. एक दांडा घ्यायचा आणि त्यात जास्तीचं काय आहे ते शोधून काढून टाकायचं. अथपासून इतिपर्यंत नुसती खोट काढायची. मूर्तीबद्दलही लोक असंच बोलतात, पण मूर्ती बिघडली तर तिला आधुनिक म्हणून प्रदर्शनात ठेवता येतं. धनुष्य बिघडलं तर मोडतं, आणि मोडताना त्याचा एक तुकडा हमखास कारागिराच्या कपाळाचा नेम धरतो.

एवढं असून पुण्यात धनुष्यवाल्यांची आळी नाही. तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे, बोहरी आळी आहे. तिरंदाजही आहेत. मुंढव्याकडच्या आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटमध्ये ऑलिंपिकचे तिरंदाज तयार होतात; फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिथूनच टोकियोला गेला. 2023 साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले, तेव्हा मी टीव्हीसमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण त्यांच्या हातातलं यंत्र बघून चक्रावलो. दोन टोकांना कप्प्या, समोर भिंग, भिंगात पाणसळ. गवंडी, घड्याळजी आणि डोळ्यांचे डॉक्टर यांनी भागीदारीत काढलेली वस्तू वाटत होती.

मला हवं होतं ते क्वीन्स गार्डनमधल्या आदिवासी संग्रहालयात दिसलं : तिरकामठा. सातपुड्यातले भिल्ल धनुष्य बांबूचं करतात, आणि दोरीही बांबूच्याच सालपटाची लावतात. एका झाडात अख्खं शस्त्रागार. सेवानिवृत्त माणसाला यापेक्षा जास्त चिथावणी लागत नाही.

आधी लाकूड पाहावं म्हणून भवानी पेठेत टिंबर मार्केट गाठलं. धनुष्यासाठी आपल्याकडचं नावाजलेलं लाकूड धामणीचं. चिवट, लवचीक, कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडीच्या काठ्या त्याच्याच करत. दुकानदाराला म्हटलं, “धामण आहे का?” त्यानं हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता सांगितलं, “कात्रजला, सर्पोद्यानात.” मग माझी दया येऊन सागवान दाखवलं. “दरवाजा होईल,” म्हणाला. माझ्या घराला दरवाजा आहे, हे त्याला पटवून मी बाहेर पडलो.

बुरूड आळीत दुःख निराळं होतं. मला जाड भिंतीचा, सरळ पेरांचा एक बांबू हवा होता. दुकानातल्या मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि एकदम हळू आवाजात विचारलं, “न्यायला कितीजण आलाय?”

“एकटाच.”

“एकटंच? आन्‌ बांबू बी एकच?” त्यांनी पदर सावरला. “दादा, दोन लागत्यात. मडकं, सुतळी पलीकडच्या दुकानात मिळंल.”

मी घाईघाईनं धनुष्याचं सांगितलं. मावशींनी निःश्वास सोडला, पण तो सुटकेचा नव्हता, गिऱ्हाईक अर्ध्यावर आल्याचा होता. माल मात्र त्यांनी पारखून दिला. पावसाळा संपल्यावर, थंडीत, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला. अंधाऱ्या पंधरवड्याचं त्यांचं त्या जाणोत. थंडीचं कारण शास्त्रशुद्ध आहे. तेव्हा बांबूतलं पिष्ट कमी झालेलं असतं, त्यामुळे भुंग्याची मेजवानी टळते. तो बांबू दुचाकीला बांधून आणताना लक्ष्मी रोडवर दोघांनी गाडी बाजूला घेऊन मला हात जोडले. एवढ्या आदरानं मला या शहरात आजवर कुणी वाट दिलेली नाही.

धनुष्याचं शास्त्र तसं छोटं आहे. धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू ताणली जाते, आपल्याकडची दाबली जाते. बांबूचे चिवट धागे सालीलगत सर्वांत दाट असतात, म्हणून साल लक्ष्याकडे ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. जे काय तासायचं ते आतून. लाकडाचं धनुष्य असेल तर वाढीचं एकच वलय या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राखतात. ते मध्ये कुठे कापलं गेलं की चीर तिथूनच निघते. बांबूनं हे काम आपणहून करून ठेवलेलं असतं. बाकी बोहरी आळीतून आणलेली कानस, रंधा, काचकागद आणि घरातल्यांची सहनशक्ती एवढंच सामान. पहिल्या तीन गोष्टी दुकानात मिळतात. भुसा पोह्यांत दिसायला लागला तेव्हा हिनं विचारलं, “अहो, हे खोबरं समजायचं का?” आणि माझा कारखाना गॅलरीतून पार्किंगमध्ये हलला.

तिथेच धनुष्याचं खरं शिक्षण सुरू झालं. एका उभ्या फळीला धनुष्य मुठीपाशी आडवं अडकवायचं, दोरीला गाठ मारून ती खालच्या कप्पीतून ओढायची, मध्ये रद्दीवाल्याकडे असतो तसा ताणकाटा लावायचा आणि लांब उभं राहून बघायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का? जिथे ताठ, तिथे जाड. तिथे चार हात कानस मारायची, मग पंधरा-वीस वेळा हलकेच ओढायचं, कारण तासलेल्याचा परिणाम लाकडात लगेच दिसत नाही. मग पुन्हा लांब उभं राहायचं.

पार्किंगमध्ये कुणी लांब उभं राहून काहीतरी बघत असलं, तर पुण्यात त्याच्या शेजारी दुसरा येऊन उभा राहतो. हे आमचे शेजारचे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांनी एक डोळा मिटला, मान तिरकी केली आणि म्हणाले, “डावीकडे जरा जाड आहे.”

काकांनी आजवर आमच्या इमारतीचा रंग, लिफ्टचा वेग, माझ्या मुलाचं अक्षर आणि गणपतीची आरास यांत खोटी काढल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीचाही कुणाला उपयोग झालेला नाही. पण इथे डावीकडे खरोखरच जाड होतं. चार हात कानस मारली, बाक सुधारला. काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते निवृत्तिवेतनाच्या दिवशीही मी पाहिलेलं नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या टीकेनं एखादी वस्तू सुधारली होती.

बातमी पसरली. संध्याकाळी पार्किंगमध्ये समीक्षकांचं मंडळ भरू लागलं. कुणाला मधला भाग ताठ वाटे, कुणाला टोकं. दुसऱ्या मजल्यावरच्या प्राध्यापकबाईंना मुळात संकल्पनेतच दोष वाटत होता. प्रत्येक मताची किंमत पाउंडांत मोजली जात होती, कारण डावीकडे तासलं की उजवी बाजू जाड ठरते आणि उजवीकडे तासलं की डावी. सुरुवातीला पंचेचाळीस पाउंडांचा जोर होता. लोकशाही जसजशी रुजली तसतसा तो उतरत गेला. काढलेलं परत लावता येत नाही, हे धनुष्याचं वैशिष्ट्य. बोललेलं परत घेता येत नाही, हे आमच्या मंडळाचं.

कॉलेजात जाणारी एक मुलगी रोज यायची. तिनं ओत्झीची गोष्ट सांगितली. आल्प्सच्या बर्फात 1991 साली सापडलेला, पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्याजवळ त्याच्याहून उंच असं यू झाडाचं धनुष्य होतं, तासून अर्धवट राहिलेलं. मला फार धीर आला. अर्धवट राहिलेल्या कामाला इतकी जुनी परंपरा आहे, हे घरी सांगण्यासारखं होतं. मुलगी पुढे म्हणाली, “त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचं टोक सापडलं. मागून मारलेला.”

“म्हणजे ज्यानं मारला,” काका म्हणाले, “त्याचं धनुष्य पुरं झालेलं होतं, एवढं लक्षात घ्या.”

विषय निघालाच म्हणून तळमजल्यावरच्या आजींनी शिवधनुष्य काढलं. वाल्मीकी रामायणात ते आठ चाकांच्या लोखंडी पेटीतून येतं, ओढायला पाच हजार माणसं. पिढ्यान्‌पिढ्या जनकाच्या घराण्यात त्याला गंध-धूप चालू. रामानं दोरी चढवून ओढलं आणि ते मधोमध मोडलं. “मोडणारच!” काका उसळले. “इतकी वर्षं न वाकवलेली वस्तू एकदम ओढायची? आधी वीतभर, मग हातभर, असं तिला जागं करावं लागतं. प्रभूंच्या ताकदीबद्दल प्रश्नच नाही. मिथिलेचा देखभाल विभाग झोपला होता.” आजी “रामा, रामा” म्हणाल्या, पण त्या कुणाच्या बाजूनं होत्या ते कळलं नाही.

दोरीसाठी मी कौटिल्याला विचारलं. अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षासाठी यादीच आहे : धनुष्यं ताडाची, बांबूची, लाकडाची, शिंगाची, दोऱ्या मूर्वेच्या, रुईच्या, तागाच्या, बांबूच्या, स्नायूंच्या. रुईची पानं शनिवारी मारुतीला जातात, तिच्या दांड्यांतला वाख रामाच्या कामाला येईल, हा विचार मला सुरेख वाटला. पण दांडे सोलताना चीक उडतो, आणि तो डोळ्यांना वाईट. मग लक्षात आलं, गॅलरीतल्या स्नेक प्लँटच्या कुळातल्या झाडांच्या वाखाच्याही धनुष्याला दोऱ्या लावत. पुण्यातल्या गॅलऱ्यांतून प्राणवायूच्या नावाखाली केवढा युद्धसाहित्याचा साठा आहे! मी कात्री घेऊन गेलो. ही कुंडीपुढे उभी होती. शेवटी कोपऱ्यावरच्या चर्मकाराकडून मेण लावलेला दोरा आणला, त्याचे पदर पिळून दोरी केली.

यानंतरचा धोका पाहुण्यांचा. धनुष्य दिसलं की माणूस ते उचलतो, रिकामी दोरी ओढतो आणि सोडतो, कारण मालिकांमध्ये टणत्कार असाच होतो. बाण नसला तर ती सगळी शक्ती जायला जागा नसते. ती धनुष्यातच परत शिरते आणि तडा पाडते. मी भिंतीवर सूचना लावली : ‘बाण नसल्यास दोरी सोडू नये.’ काकांनी खाली पेन्सिलीनं शुद्धलेखन तपासलं.

तासायचं थांबणं ही या कलेतली सगळ्यात अवघड पायरी, आणि तिचं ज्ञान आमच्या मंडळात कुणालाच नव्हतं. काटा तीस पाउंडांवर आला होता, बाक दोन्हीकडे सारखा होता, आणि तरी चर्चा रंगात होती. तिसऱ्या मजल्यावर किचनच्या ट्रॉल्या बसवणारा सुतार डबा खायला खाली आला. त्यानं एकदा बघितलं, माझ्या हातातली कानस काढून घेतली आणि म्हणाला, “साहेब, पुरे. आणखी आठ दिवस बोलत बसलात तर झाडू बांधायला काडी उरेल.” कुणीतरी “पण उजवीकडे…” असं सुरू केलं. सुतारानं कानस आपल्या पिशवीत टाकली आणि ती पिशवी घेऊनच तो जेवायला बसला.

रविवारी शहराबाहेर एका ओळखीच्यांच्या शेतावर गेलो. भाताच्या पेंढ्यांचा ढीग, समोर मी, मागे मंडळ. बोटांनी दोरी कशी धरायची ते शिकलो होतो : तर्जनी वर, दोन बोटं खाली, अंगठा मोकळा. द्रोणाचार्यांनी जे मागितलं ते ऑलिंपिकच्या पद्धतीत दोरीला लागतसुद्धा नाही, हे एकलव्याला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोरी गालापर्यंत आली, सोडली. बाण पेंढ्यांत गेला. मधोमध नाही, पण पेंढ्यांत.

काका पुढे आले. त्यांनी धनुष्य हातात घेतलं, एक डोळा मिटला, उलटं केलं, सुलटं केलं, बोटानं पेरं चाचपली. बराच वेळ त्यांना काही सापडेना. पार्किंगच्या त्या सगळ्या संध्याकाळींनी धनुष्यात शोधण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांची दया आली. मग त्यांची नजर धनुष्यावरून माझ्या मनगटावर आली, तिथून कोपरावर, तिथून वर, आणि ती एकदम उजळली.

“डावा खांदा वर उचलताय तुम्ही,” ते म्हणाले. “आणि पोटाचा भाग जरा जास्तीचा आहे.”

मंडळ खुर्च्या सरकवून जवळ आलं.