कुलीन मोटारीचे उसने नेत्र

लॅम्बोर्गिनी कारखान्याने १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली मिउरा ही बारा सिलिंडरांची मोटार ज्या धनिकांच्या पदरी आहे, त्यांस तिच्या जीर्णोद्धारप्रसंगी मूळ दिव्यांसाठी भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. आणि हे दिवे तर मुळात फियाट ८५० स्पायडर या बेताच्या ऐपतीच्या गाडीचे! (त्यांभोवतीच्या काळ्या पापण्या मात्र प्रारंभीच्या मिउरांच्या स्वतःच्या.) तथापि तोच दिवा मिउराच्या नावे विक्रीस निघाला, की त्यास राजयोग लाभतो. इंजिन व सांगाडा यांचे क्रमांक कारखान्याच्या दप्तराशी जुळल्याचा दाखला मिळेतो, सोयरिकीत कूळ पाहावे तशी, चौकशी चालते. मोटार चालते काय, हा प्रश्न तेथे असभ्य गणला जातो. इच्छुकांनी प्रथम फियाटच्या भंगारवाल्याशी स्नेह जोडावा.